खडीसाखर विरघळेपर्यंत

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे, तरी चुकांबद्दल माफी असावी.

सदाशिव पेठेत एका बाईंकडे मी स्वयंपाक करते. बाई पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आता एकट्या असतात. माझ्या मुलीला हॉटेलात काउंटरवर नोकरी हवी होती, आणि तिथे इंग्रजी बोलावं लागतं. क्लासची फी बाईंनी भरली. माझ्या पगारातून थोडी थोडी कापून घ्यायची असं ठरलं. वर म्हणाल्या, "संध्याकाळी तिला माझ्याकडेही पाठव."

मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. आपण 'पेक्षा' म्हटलं की झालं, मग शब्द कुठलाही असो. इंग्रजीत तसं नाही. लहान शब्दाच्या शेवटी 'अर' जोडायचं, लांब शब्दाच्या आधी 'मोअर' लावायचं. एवढं माझ्याही ध्यानात आलं. भांडण होतं ते मधल्या मापाच्या शब्दांचं. मुलगी 'मोअर पोलाइट' म्हणाली की बाई लगेच म्हणायच्या, "पोलाइटर."

"आजी, आमचे सर म्हणतात, हल्ली मोअरच लावतात."

"किती वर्षांचे आहेत तुझे सर?"

"असतील तिशीचे."

"मग त्यांना अजून दुधाचे दात आहेत."

सुरुवातीला मुलगी हसायची. पुढे हसेनाशी झाली. असा शब्द आला की थांबायची, सरांचं म्हणू की आजींचं. पहिल्या मुलाखतीत ती अशीच मध्येच थांबली आणि पुढचं वाक्य आलंच नाही. दुसऱ्या हॉटेलातून बोलावणं आलं तेव्हा म्हणाली, "आई, मी नाही जाणार. आजींकडेही नाही."

बाईंशी बोलायला हवं होतं. पण फी त्यांनी भरलेली, आणि मी तर भाजीत मीठ किती घालू हेसुद्धा मनात घोकून मग विचारणारी. शेवटी मेथी निवडताना, मान वर न करता म्हणाले, "बाई, ती चुकायला घाबरते. म्हणून बोलतच नाही."

त्यांच्या चहावर साय धरली. मला वाटलं, गेलं आपलं काम.

"सगळा जन्म लाल पेन हातात होतं गं," त्या म्हणाल्या. "उद्या घेऊन ये तिला."

मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. बाईंनी फडताळातला डबा काढला, त्यातला खडीसाखरेचा मोठासा खडा निवडला.

"हा तोंडात ठेवते. विरघळेपर्यंत मी बोलणार नाही. मी तुझ्या हॉटेलात आलेली पाहुणी, तू बोल."

मुलगी आधी भिंतीकडे बघून बोलली, मग हळूहळू बाईंकडे बघून. खोल्या, नाश्ता, गरम पाणी. एकदा 'मोअर कॉमन' म्हणून गेली. बाईंच्या भुवया वर चढल्या, खडा या गालातून त्या गालात गेला. मुलगी थांबली. बाईंनी हातानेच खूण केली, पुढे चल. ती पुढे बोलत राहिली. खडा केव्हाच संपला असणार, तरी बाई गप्पच होत्या.

शेवटी म्हणाल्या, "ते मोअर माझ्या कानाला खटकतं. पण माझ्या कानाला कुठे नोकरी हवी आहे? माझ्या बाईंनी शिकवलेलं मीही पुढे बरंचसं सोडलंच की."

"मग बरोबर काय, आजी?"

"आत्ता तुझं चालतंय. पुढे कोणीतरी तुलाही चूक ठरवेल. तेव्हा तू खडीसाखर खा."

दुसऱ्या हॉटेलातल्या मुलाखतीला ती गेली आणि तिला ती नोकरी लागली. काउंटरवर न थांबता बोलते, असं ती सांगते, मी काही बघायला गेले नाही. सुट्टीच्या दिवशी ती बाईंकडे जाते आणि दोघी त्याच शब्दांवरून वाद घालतात. आता मला त्याची भीती वाटत नाही.

फीचे राहिलेले पैसे तिने तिच्या पगारातून आणले. बाईंनी चष्मा लावून नोटा मोजून घेतल्या. न मोजता घेतले की घेणाऱ्याचा मोठेपणा होतो, असं त्या म्हणतात. मग मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फिटले सगळे."