पहिला फोन आप्पांच्या घरी

रनाळ्यात कुणी नवा मोबाइल घेतला की पहिला फोन लागायचा तो लोटन आप्पांच्या घरातल्या लाल टेलिफोनवर. बायकोला नाही, सासुरवाडीला नाही, सुरतेला कामाला गेलेल्या भावालाही नाही. माणूस खोकं घेऊन आधी आप्पांच्या ओट्यावर यायचा. आप्पांच्या पत्नी शोभाबाई खोक्याला कुंकू लावायच्या, आप्पा स्वतःच्या बोटाने घरचा नंबर दाबायचे आणि आत टेलिफोन खणखणायचा. मग शोभाबाई पदराला हात पुसत आत जायच्या, रिसीव्हर उचलायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "हां, ऐकू ई ऱ्हायनं." झालं. मोबाइल आता गावाचा झाला.

याचं मूळ आप्पांच्या नोकरीत होतं. आप्पा लाइनमन होते. ज्या काळात टेलिफोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, त्या काळात आप्पा खांद्यावर तारेचं वेटोळं घेऊन यायचे, यंत्र बसवायचे आणि लाइन तपासायला पहिला फोन आपल्याच घरी करायचे. पुढे बहुतेक खांब गेले, तारा गेल्या, आप्पा निवृत्त झाले, पण रीत तशीच राहिली. गल्लीतला एकच टेलिफोन अजून जिवंत होता, तो त्यांचा. त्याची तार ते अंगणातल्या लिंबापासून भिंतीपर्यंत दर महिन्याला बोटांनी चाचपून बघत.

रीतीबरोबर मत देण्याचा हक्कही त्यांच्याकडे आपसूक चालत आला. सकाळी पेपर आला की आप्पा आधी तंत्रज्ञानाचं पान काढायचे. ओट्यावर चार माणसं जमली की एकेका बातमीचा निकाल लागायचा. घडी होणारा फोन निघाला, तेव्हा आप्पा म्हणाले, "फोन काय सतरंजी शे का, घडी करीसन ठेवाले?" शहरात दहा मिनिटांत भाजी घरपोच येते, यावर ते म्हणाले, "आठे येष्टी दहा मिनिटमा स्टँडवरथीन निघत नही." कंपन्यांनी एआय आणलं आणि माणसं कमी केली, ही बातमी त्यांनी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "पहिले ते साहेबले मदत करी. मंग साहेबलेच घर धाडी." किराणा दुकानदार रूपचंदने गल्ल्यावर पैसे जमा झाल्याची आरोळी ठोकणारी पेटी बसवली. आप्पांनी तिच्याकडे मान तिरकी करून पाहिलं. "पैसा उनात हाई सांगाले पेटी शे. पैसा गयात हाई सांगाले कोन शे?" रूपचंद इतका हसला की त्याच्या हातून तागडीतली साखर सांडली.

आता खरं सांगायचं तर आप्पांनी घडीचा फोन कधी हातात धरला नव्हता आणि त्यांचा स्वतःचा मोबाइल सहा वर्षांचा होता. काच तडकलेली, आवाज घोगरा. पण मत द्यायला वस्तू लागते असं गावात कुणी म्हणत नव्हतं. आप्पा तर नाहीच नाही.

मग चुलतभावाच्या घरात काजल सून म्हणून आली. माहेर लोणखेड्याचं, तिथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली. दोन्ही घरांत एकच भिंत. आप्पा नात्याने चुलत सासरे, त्यामुळे त्यांच्यासमोर तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही आणि तोंडातून शब्द निघायचा नाही. ओट्यावर आप्पांचा निकाल चालू असला की भिंतीपलीकडे भांडी घासण्याचा आवाज मात्र मध्येच थांबायचा. पोर गुणी आहे, असं आप्पा शोभाबाईंना म्हणत असत. तेव्हा म्हणत असत.

एके दिवशी तिने शोभाबाईंच्या हाती निरोप पाठवला. दर रविवारी मोबाइल-कॉम्प्युटरच्या बातम्यांवर आपल्या अहिराणीत बोलायचं आणि ते लोकांना ऐकायला नेटवर टाकायचं, असं तिच्या मनात होतं. चेहरा नाही, नुसता आवाज. आप्पा बसतील तर दोघं मिळून बोलू.

आप्पांना हे ऐकून हसू आलं. ज्यांच्या ओट्यावर गाव येतं, त्यांनी सुनेबरोबर डबीत तोंड घालून बोलायचं? "तिले सांगी दे," ते शोभाबाईंना म्हणाले, "असा फालतू धंदामा मन्हं नाव लेवानं नही. एकदाबी नही." शोभाबाईंनी भिंतीशी जाऊन निरोप जसाच्या तसा सांगितला. त्या निरोपात साखर घालणाऱ्या बाई नव्हत्याच.

काजलने एकटीने सुरुवात केली. 'नवं काय शे?' असं नाव ठेवलं. पहिल्या रविवारी चाळीस जणांनी ऐकलं, त्यात निम्मे तिच्या माहेरचे. आप्पांनी ओट्यावर नाक मुरडलं. दोन महिन्यांत म्हसावदहून कुणीतरी तिचा पत्ता विचारत आला. चार महिन्यांत रूपचंद दुकानात रविवारी सकाळी नऊला तिचा आवाज मोठ्याने लावू लागला आणि गिऱ्हाइकं पुडा हातात घेऊन तिथेच उभी राहू लागली. कुठला फोन घ्यावा, कुठल्या फोनचा कॅमेरा नुसता दाखवायचा, दुकानाचा हिशेब ठेवणारं कुठलं ॲप आधी फुकट असतं आणि मग मासिक भाडं मागतं, हे सगळं ती अशा सुरात सांगायची की ओसरीत बसून गवारीच्या शेंगा मोडता मोडता कुणी बोलतंय असं वाटावं. आणि बरोबर सांगायची. आप्पांचं सगळं दुखणं त्यातच होतं.

लाल टेलिफोन मुका झाला. लोक मोबाइल घेत होते, भरपूर घेत होते, पण खोकं घेऊन ओट्यावर येण्याऐवजी भिंतीपलीकडच्या दारात उभे राहात होते. त्या दिवाळीत टेलिफोन दोनदा वाजला. एकदा रूपचंदच्या म्हाताऱ्या आईने जुनी रीत म्हणून करायला लावलं म्हणून, आणि एकदा चुकीचा नंबर. आप्पा येता-जाता रिसीव्हर उचलून कानाला लावायचे आणि टोन येतो का बघायचे. टोन स्वच्छ यायचा. तारेत दोष नव्हता.

आप्पा जळत होते. सून म्हणून तिचं कौतुक त्यांना तोंडदेखलं करावं लागायचं. तिला ताप आला आणि एक रविवार रिकामा गेला, तर आप्पांना त्या दिवशी भाकरी गोड लागली. मग स्वतःचीच लाज वाटून त्यांनी शोभाबाईंच्या हाती तिला काढा पाठवला. पुढच्या रविवारी ती ठणठणीत बोलली, तेव्हा काढा उगाच पाठवला असंही त्यांना वाटून गेलं.

आणि तरी ते ऐकायचे. दर रविवारी नऊला आप्पा गोठ्यात जायचे. म्हशीला वैरण टाकायला इतका वेळ लागत नाही हे म्हशीलाही कळत होतं. पाटी उलटी ठेवून ते त्यावर बसायचे, तडकलेला मोबाइल कानाला घट्ट दाबायचे आणि तिची चूक शोधायचे. चूक सापडत नव्हती. एका रविवारी मात्र वेगळंच सापडलं. घडीच्या फोनची बातमी होती आणि काजल म्हणाली, "एक जन म्हने, फोन काय सतरंजी शे का, घडी करीसन ठेवाले?"

आप्पा पाटीवरून उठून उभे राहिले. एक जण! हा एक जण म्हणजे कोण? भिंतीआडून ऐकायचं, वाक्य उचलायचं आणि माणसाला 'एक जण' करून टाकायचं? त्यापुढच्या रविवारी येष्टीचं वाक्य आलं, तेही 'एक जना'चं. त्याच्या पुढच्या रविवारी रूपचंदच्या पेटीचं. तेव्हा घरातून शोभाबाईंचा खळखळून हसण्याचा आवाज गोठ्यापर्यंत आला. हेच वाक्य आप्पा ओट्यावर बोलले होते तेव्हा ही बाई हसली नव्हती. आप्पांनी रागाने भाग अर्ध्यातच बंद केला.

तिथेच त्यांनी ठरवलं. आपणही बोलायचं. 'लोटन आप्पांचं मत' असं नाव ठेवायचं आणि पहिल्याच दिवशी गावाला कळू द्यायचं की सतरंजी कुणाची होती.

जुन्या मोबाइलमध्ये त्यांचा आवाज पिपातून आल्यासारखा यायचा, म्हणून नवा घेणं भाग होतं. कुठला घ्यायचा? आप्पांनी आठवडाभर पेपर चाळले, खूप विचार केला आणि नेमका तोच फोन निवडला जो काजलने दोन महिन्यांपूर्वी चांगला म्हणून सांगितला होता. हा निव्वळ योगायोग आहे असं त्यांनी येष्टीत बसून नंदुरबारपर्यंत स्वतःला सांगितलं.

घरी परतताना खोकं पिशवीत मेथीच्या जुड्यांखाली होतं. कुंकू नाही, ओटा नाही, पहिला फोन नाही. टेलिफोन वाजला असता तर शोभाबाईंना कळलं असतं. शेकडो खोकी उघडून देणाऱ्या माणसाने आपलं खोकं गोठ्यात, म्हशीकडे पाठ करून उघडलं. फोन देखणा होता. दोन दिवस ते चोरून त्याच्याशी खेळले, फोटो काढले, बटणं दाबली, आवाज तपासला. बॅटरी उतरत उतरत दोन टक्क्यांवर आली, तेव्हा त्यांनी खोक्यात चार्जर शोधला. खोक्यात वायर होती. चार्जर नव्हता. खोकं उलटं केलं, थोपटलं, तळाचा पुठ्ठाही काढून पाहिला. वायरचं दुसरं टोक जुन्या चार्जरमध्ये शिरेना आणि जुन्या चार्जरची पिन फोनमध्ये बसेना.

दुकानदाराने फसवलं, असं आधी त्यांना वाटलं. पण दोन टक्के हातात होते आणि तो रविवार होता. काजलचा भाग नुकताच संपला होता. आप्पांनी घसा खाकरला, फोन तोंडाशी धरला. "रामराम मंडई. मी लोटन आप्पा बोली ऱ्हायनू, रनाळाथीन. गावमा एक बाई शे, ती दुसराना शब्द..."

काच काळी झाली. फोन मेला.

"तिनी सांगेल व्हतं ना," मागून आवाज आला. गोठ्याच्या दारात शोभाबाई उभ्या होत्या, कमरेवर हात. "खोकामा आते चार्जर नही ऱ्हास, दुकानमाच ईचारी ल्या. रूपचंदनी पेटीवाला भागमा, शेवटले सांगं तिनी. तुम्ही आर्धामाच बंद करं."

म्हणजे शोभाबाईंना सगळं माहीत होतं. गोठा, पाटी, सगळं. आप्पा काही बोलायच्या आत त्या अंगणात गेल्या आणि भिंतीवरून हाक मारली, "काजल, तुन्हं चार्जर दे वं. आप्पानी नवा मोबाइल लिधा."

आप्पांना त्या क्षणी म्हशीच्या जागी बांधून घ्यावंसं वाटलं.

शोभाबाईंनी त्यांना ओट्यावर आणून बसवलं. काजल आली. डोक्यावर पदर, नजर खाली. चार्जर शोभाबाईंच्या हातात दिला आणि दाराच्या चौकटीशी उभी राहिली. शोभाबाईंनी ओट्यालगतच्या खिडकीतून वायर ओढली, खोकं मागून घेतलं, त्याला कुंकू लावलं. फोनला जीव यायला पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत रस्त्याने जाणारा रूपचंद थांबला, त्याच्या मागे आणखी दोघं थांबले.

"करा पहिला फोन," शोभाबाई म्हणाल्या.

आप्पांनी नंबर दाबला. आत लाल टेलिफोन खणखणू लागला. शोभाबाई ओट्यावरून हलल्या नाहीत. त्यांनी काजलकडे फक्त पाहिलं. काजल आत गेली.

"हां आप्पा," कानात आवाज आला, "ऐकू ई ऱ्हायनं."

तिचा आवाज स्वच्छ होता, अगदी स्वच्छ, आणि त्या घडीलाही आप्पांना त्याचा हेवा वाटला. एवढी वर्षं हेच वाक्य ऐकवायला दुसऱ्यांचे फोन जोडून दिले आणि आज पहिल्यांदा ते त्यांच्यासाठी होतं, तेही तिच्या तोंडून. ओट्यावर ती समोर असती तर सासऱ्याने सुनेला असलं काही विचारलं नसतं. पण आता मध्ये भिंत होती, तार होती आणि तिचा चेहरा दिसत नव्हता. ओट्यावरची माणसं ऐकत होती, त्याचंही भान राहिलं नाही.

"काजल," आप्पा म्हणाले, आणि आवाज नको तितका बारीक निघाला. "तू मन्हं नाव काबर नही लेस?"

"तुम्हीच सांगेल व्हतं, आप्पा," ती म्हणाली. "एकदाबी लेवानं नही. तुमना शब्द मी कसा मोडू? म्हनीसन एक जन म्हनस. मी ते बठ्ठं, समदंच, तुमनाच ओट्यावरथीन शिकनू ना."

खिडकीतून तिचा आवाज ओट्यावरही आला होता; रूपचंद खाली बघू लागला. शोभाबाई उगाच खोक्यावरचं कुंकू पुसून पुन्हा लावू लागल्या. आप्पांच्या तोंडाशी दोन-तीन मतं आली आणि गिळली गेली. फोन कानाला तसाच होता. जळणं संपलं असं कुणी म्हणू नये, ते काही संपलं नव्हतं. पण आता जळायला समोर कुणीच उरलं नव्हतं, आपल्याच निरोपाशिवाय.

"मंग आते लेत जाय," ते अखेर म्हणाले. "आनि नुसता आप्पा म्हनू नको. गावमा आप्पा ढीगभर शेतस. लोटन आप्पा म्हन. आनि सतरंजीवाली बात मन्ही शे, हाई बठ्ठास्ना पहिले सांग."