दरवाजावरचे नाव

मी बी.ए. झालो त्या मे महिन्यात वडिलांनी आई, चुलते-चुलती आणि मला पन्हाळ्याला न्यायला भाड्याची जीप केली. मुंबईच्या गोदीत ओझी वाहून त्यांनी मला रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवले होते. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि विषय इतिहास. आजोबा सांगत, आपला एक पूर्वज पन्हाळ्यावर दगड वाहायला गेला होता. तिथल्या दरवाजावर त्याचे नाव कोरलेले आहे. घरात ते वाचणारा कोणी होईल, याची वडील इतकी वर्षे वाट पाहत होते. निघताना त्यांनी शेजारच्या काकांना सांगूनही टाकले, "पोरगा वाचून येतो नाव."

आंबा घाटात आईला उलट्या झाल्या. वाटेत विशाळगडावर थांबलो; तिथले पडके चौथरे दाखवत मी उत्साहाने बोलत होतो. वडील चुलत्यांना कोपर मारत, "ऐकतोस ना?"

दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याच्या दरवाजात वडिलांनी चपला काढल्या आणि वरच्या शिळेकडे बोट केले.

"वाच."

अक्षरे फारसी होती. त्यातले एकही मला येत नव्हते. शिवाय दगड वाहणाऱ्याचे नाव कोणी कोरत नाही, एवढे मी शिकलो होतो. पण ते कसे सांगायचे?

"बाबा, ही फारसी आहे. आम्हाला कॉलेजात नव्हती."

"पंधरा वर्षं शाळा केलीस ना?"

चुलते म्हणाले, "माझा चौथी नापास पोरगा एसटीची पाटी तरी वाचतो." चुलती तोंडाला पदर लावून हसली.

वडील हसले नाहीत. त्यांनी पिशवीतला नारळ काढून शिळेखाली ठेवला आणि ग्रामदेवतेपुढे घालावे तसे गाऱ्हाणे घातले. "बाबा, तू इथं राबलास. तुझं नाव आमच्यानं वाचवलं नाय. पोराचं काय कमी पडलं असंल तर सांभाळून घे."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो. माझ्याच उणेपणाचे गाऱ्हाणे होते ते.

गावी जीप थांबताच शेजारचे काका पुढे आले. "काय, मिळालं नाव?"

मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "मिळालं तर. पोरानं वाचलं."

काका माझ्याकडे वळले. "केवढ्या अक्षरात आहे रे?"

वडील माझ्याकडे पाहत होते, नारळाची रिकामी पिशवी हातात घट्ट धरून.

मी दोन बोटांत अंतर धरून दाखवले. "एवढ्या."