कुऱ्हाड धुरपताबाईच्या मांडीवर

नरसिंग वीज मंडळात लाइनमन होता. सहा दिवस खांबावर, रविवारी झाडावर. तारांना लागणाऱ्या फांद्या तोडणं हे त्याच्या नोकरीतलंच काम. पण ज्या म्हाताऱ्यांना मजूर लावून झाड राखणं परवडत नाही, त्यांची झाडं तो रविवारी फुकट बघायचा. वाळलेलं काढायचं, छपरावर आलेलं उतरवायचं, कापल्या जागी चुना-गेरू फासायचा. लाकूड ज्याचं झाड त्याचं. चहा चालायचा, जेवण नाही. माझ्या दारातल्या कडुलिंबासाठी मी एकदा बोलावलं तर म्हणाला, "तुम्हाला पगार हाय, बाई. तुमच्याकडून मजुरी घेणार." आणि घेतली.

लोक म्हणायचे, पुण्य करतो. तो वैतागायचा. "पुण्य-बिण्य काय न्हाई. भात्तरला मी लई झाडं भादरली, तेवढंच."

ते भादरणं कोणाच्या सांगण्यावरून झालं होतं, ते लातुरात आता फक्त दोघांच्या लक्षात होतं. एक तो, दुसरी मी.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गल्लीपलीकडच्या माळावर जनावरांची छावणी होती. कडबा संपला, तेव्हा झाडांचा पाला तोडायचा ठरला. झाडांचे मालक काठ्या घेऊन उभे राहिले. त्यांचीही शेरडं उपाशी होती. मी शाळेत शिकवत होते, छावणीच्या समितीत एकटी बाई होते आणि भांडण ऐकून माझं डोकं उठलं होतं. मी कागद ओढला आणि लिहून टाकलं: झाडाची रस्त्याकडची अर्धी बाजू छावणीची, घराकडची अर्धी मालकाची. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी हुशारी मला फार आवडली.

त्या कागदाप्रमाणे कोयता चालवणारा पोरगेला गडी म्हणजे नरसिंग. दोन उन्हाळे त्याने रस्त्याकडची बाजू बुंध्यापर्यंत छाटली. मालकांनी आपली बाजू राखून राखून तोडली. पाऊस आला, जनावरं गेली, झाडं मात्र एका अंगाने वाढत राहिली. झाडाला तोल असतो हे मला बी.ए.च्या कुठल्याही पुस्तकात भेटलं नव्हतं.

धुरपताबाईची चिंच त्यातलीच. नवरा गेलेला, मूल नाही, पत्र्याची एक खोली आणि दारात ही चिंच. तिचं तेल-मीठ सगळं त्या चिंचेवर. चिंचा फोडायची, गोळे करून बाजारात बसायची. दहा वर्षांत घराकडची फांदी बैलाच्या पाठीएवढी जाड होऊन पत्र्यावर आडवी झाली होती. रस्त्याकडे नुसती कुजकी खुंटं.

मग लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, रस्ते रुंद करायची घाई आली. पुढच्या उन्हाळ्यात आखणीवाला साहेब चिंचेपाशी थांबला. म्हणाला, झाड कललंय. आठ दिवसांत धोका काढा, नाहीतर आम्ही झाडच काढू. धुरपताबाईला त्यातलं शेवटचंच ऐकू आलं. तिने त्या दिवसापासून घर सोडलं नाही. पाणीसुद्धा शेजारचा वीरण्णा किराणावाला आणून द्यायचा.

मधल्या रविवारी नरसिंग दोर, करवत, कुऱ्हाड घेऊन आला. मीही तिथे गेले होते. वीरण्णाने शेतातल्या मोटेचा नाडा, म्हणजे जुना जाड दोर, आणला होता. विहिरीवर इंजिन बसल्यापासून तो पडूनच होता. वारं सकाळपासून घुमत होतं. पश्चिमेला काळं दिसत होतं.

"माय, भायेर या," नरसिंग दारातून म्हणाला. "फांदी तुमच्या डोक्यावर हाय."

आतून आवाज आला, "तूच न्हवं का रं तो? भात्तरला माझं झाड बोडकं करून गेलास?"

"हाव. मीच."

"आन् आता उरलेलं न्यायला आलास व्हय, मेल्या?"

दहा वर्षं ती त्यालाच शिव्या घालत होती आणि त्याने एकदाही माझं नाव घेतलं नव्हतं. मीही घेतलं नव्हतं. त्या दिवशी मला ते असह्य झालं. मी पुढे होऊन म्हटलं, "धुरपताबाई, तो हुकुमाचा ताबेदार होता. अर्ध्या-अर्ध्याचा कागद मी लिहिला होता."

खरं बोललं की मार्ग निघेल असं मला वाटलं होतं. कसला निघतोय!

"मग तर मी मुळीच येत न्हाई," ती कडाडली. "तुम्ही शिकलेल्या बायांनी कागद केला की माझं अर्धं जातंय. मी भायेर आले की बुडात कुऱ्हाड घालताल तुम्ही. फांदी पडू द्या माझ्यावर. मी बी जाते, झाड बी जाऊ द्या."

तिने आतून कडी लावली. वीरण्णा म्हणाला, "बाई, तुम्ही जरा गप बसता का?" वीरण्णा मला असं कधी बोलला नव्हता. मी बसले.

वाऱ्याने फांदी पत्र्याला घासत होती. कर्र, कर्र. नरसिंगने वर बघितलं, आभाळाकडे बघितलं. मग खांद्यावरची कुऱ्हाड उतरवून उंबऱ्यावर ठेवली.

"माय, ही कुऱ्हाड तुमच्यापाशी ठेवा. तुमच्या मांडीवर. मी निस्ती हातकरवत घेऊन वर जातो. एवढ्याशा करवतीनं बुंधा कापायचा म्हणलं तर माझा जलम जाईल."

कडी वाजली. काळी, चिपाडासारखी धुरपताबाई बाहेर आली. तिने कुऱ्हाड उचलली, अंगणापलीकडे दगडावर जाऊन बसली आणि कुऱ्हाड मांडीवर आडवी घेतली. "चढ," म्हणाली.

नरसिंगने नाडा फांदीला बांधला, वरच्या बेचक्यातून घेतला आणि खाली सोडला. अंगणातल्या बैल बांधायच्या दगडी खांबाला आम्ही तीन वेढे दिले. नाडा धरायला वीरण्णा, त्याची बायको कमलम्मा आणि मी. नरसिंगने आधी फांदी खालून कापली, साल बुंध्यापर्यंत सोलवटू नये म्हणून. मग वरून करवत चालू केली. भुसा आमच्या डोळ्यांत उडत होता. फांदी सुटली की नाड्यावर तोलून मोकळ्या अंगणात उतरवायची, असा बेत होता.

फांदी आतून पोकळ होती. ते कोणालाच कळलं नव्हतं.

करवत निम्म्यावर असतानाच मोठ्याने कडाड झालं. फांदी फाटली, खाली लचकली आणि नाड्यावर लोंबली. पण पुरती सुटली नाही. हाताएवढ्या जाड चिरफळीने ती बुंध्याला धरून राहिली आणि शेंडा पत्र्यावर टेकला. पत्रा वाकला. करवत फटीत चेमटली, नरसिंगला ती ओढता येईना. नाडा खांबावर तसूतसूने सरकू लागला. माझ्या तळव्याची साल निघत होती.

"बिडबेडा! बिडबेडा!" कमलम्मा कानडीत ओरडत होती, सोडू नका म्हणून. जसं काही मी सोडणारच होते.

"सुटंना गेलंय!" नरसिंग वरून म्हणाला. "चिरफळी तोडाय पायजे. माय, कुऱ्हाड!"

त्याने कमरेची सुतळी खाली सोडली. ती धुरपताबाईच्या समोर लोंबत राहिली. धुरपताबाई हलली नाही. दोन्ही मुठी दांड्यावर.

"द्या की हो!" वीरण्णाचा आवाज फाटला.

"आन् बुडात घातलास तर?" ती नरसिंगला म्हणाली. त्या गोंधळातही अगदी सावकाश.

"मी वर बसलोय, माय. बुडात घातलं तर पयला मीच पडीन."

मला काहीतरी बोलायचं होतं. मी दात आवळून धरले. नाडा आणखी वीतभर सरकला. आत चुलीवरचं भांडं खणकन पडलं, पत्रा त्याच्यावर आला असणार.

धुरपताबाई उठली. तिने सुतळी दांड्याला गुंडाळली, गाठ मारली, ओढून बघितली. मग पुन्हा एक गाठ मारली. आयुष्यात मी एवढ्या रागाने कोणाच्या गाठीकडे बघितलेलं नाही. "घे," म्हणाली आणि तिथेच झाडाखाली उभी राहिली.

"मागं सरा, माय!"

"न्हाई. माझं झाड हाय."

शेवटी कमलम्माने एक हात सोडून तिचा पदर धरला आणि तिला मागे खेचलं. तेवढा वेळ नाडा वीरण्णाने आणि मी पेलला. तीन घाव. चिरफळी तुटली, फांदी झुलली आणि पत्र्याच्या काठावरून मोकळ्या अंगणात आली. आम्ही वेढ्यावरून नाडा सोडत गेलो. दाराबाहेरचा ओटा फुटला. पत्र्याला पोक आला, तो आजही आहे. फांदी जमिनीवर टेकली तेव्हा पहिले टपोरे थेंब पडत होते, पण तिकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

नरसिंगने पावसातच वरचा चुना-गेरू उरकला. रस्त्याकडच्या खुंटांवर दोन कोवळे फुटवे होते, त्यांना त्याने हात लावला नाही. "ह्यांना वाढू द्या," म्हणाला, "धा वर्षांत तोल येईल." खाली उतरला तेव्हा धुरपताबाईने हात पुढे केला. चहाचा कप द्यायला नव्हे. कुऱ्हाड मागायला.

त्याने दिली.

मला वाटलं, घटकाभर धरून ती परत करील. पण नरसिंग कुऱ्हाड न घेताच गेला. पुढचे चार दिवस त्याने मंडळाच्या कामावर दुसऱ्याची कुऱ्हाड मागून वापरली. मी म्हटलं, हा काय वेडेपणा? तर म्हणाला, "साहेब येऊन जाईस्तोवर ऱ्हाऊ द्या तिच्यापाशी."

आठव्या दिवशी साहेब आला. चिंच सरळ उभी नव्हती, पण पत्र्यावर काही नव्हतं. बुंध्याशी धुरपताबाई पाय पसरून बसलेली, मांडीवर कुऱ्हाड. साहेबाने झाडाभोवती एक फेरी मारली, तिच्यापासून जरा लांबूनच. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "धोका दिसत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, लिहून द्या, मी सही करतो."

त्याने कागद पुढे केला. मी धुरपताबाईकडे बघितलं.

"लिवा," ती म्हणाली. "पन आधी मोठ्यानं वाचून दावा. आन् अर्धं-बिर्धं काय नको."

मी लिहिलं: झाड पूर्ण ठेवावे. वाचून दाखवलं, दोनदा. मग तिने कुऱ्हाड वीरण्णाजवळ दिली आणि सांगितलं, नरसिंगाला म्हणावं घेऊन जा, आन् येताना चिंचा न्यायला पिशवी आण.