उजवीकडची सीट

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५. सकाळी दाट धुके. चमेलीने लाखोरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणून दिली. यांच्या गाडीतला इंजिनाचा पिवळा दिवा आजही विझला नाही. चमेलीबरोबरच भैयालालला निरोप धाडला. सुलोचनाकाकींनी वहीत एवढेच लिहिले.

चमेलीने घरी येऊन निरोप सांगितला तेव्हा तिचा नवरा भैयालाल जेवायला बसला होता. कामठ्याच्या फाट्यावर त्याचे गॅरेज. ट्रकवर क्लीनर म्हणून घराबाहेर पडलेला हा माणूस रायपूर-नागपूर रस्त्यावर इंजिने ऐकत ऐकत मेकॅनिक झाला. तोंडाचा मात्र भारी फटकळ. "इंजनात तेल नाही, डोक्यात तरी हाये का?" असे तो कोणालाही विचारायचा. फक्त सुलोचनाकाकींची गाडी म्हटली की त्याचा आवाज खाली यायचा. काकींचे यजमान ओव्हरसियर होते. गॅरेजला जागा नव्हती तेव्हा त्यांनी त्याला आपल्या अंगणातल्या चिंचेखाली काम मांडू दिले होते. मागच्या उन्हाळ्यात ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैयालालने काकींच्या अंगणात येऊन गाडीला बिघाड दाखवणारे मशीन जोडले. सायलेन्सरच्या नळीत धूर साफ करणारा डबा असतो, त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. त्याच्या तोंडाशी बसवलेल्या, धूर तपासणाऱ्या सेन्सरला तापवणारा हीटर बंद पडल्याचे मशीन दाखवत होते. त्याला आधी उंदरांचा संशय आला, पण वायर शाबूत होती. फ्यूज चांगला होता, करंटही पोचत होता. म्हणजे हीटरच आतून तुटला होता. सेन्सर खोलला तर टोक ओलेचिंब.

"काकी, गाडी कुठं नेता का?"

"कुठे नेणार रे? रोज सकाळी चालू करते. चहा होईपर्यंत चालू ठेवते, मग बंद. पडून राहिली की गाडी आजारी पडते, असं हे म्हणायचे."

भैयालालला उलगडा झाला. थंडीत इंजिनाची वाफ नळीत पाणी होऊन बसत होती, आणि नळी तापायच्या आत गाडी बंद होत होती. त्या ओलाव्यातच हीटर तडकला होता.

त्याने गाडीत डोकावून पाहिले. उजवीकडची सीट उंच माणसाच्या बेताने पार मागे सरकवलेली होती. तिच्यावर घडी केलेला टॉवेल होता आणि त्याला एक सुरकुती नव्हती. डावीकडच्या सीटवर मात्र काकींची शाल पडली होती. म्हणजे रोज तिथे बसून, हात लांब करून त्या किल्ली फिरवत होत्या. एरवी त्यांना गाडी छान चालवता येत असे. काकांना शेजारी बसवून त्यांना गोंदियाला जाताना त्याने कितीदा पाहिले होते.

"पार्ट आणतो," एवढेच बोलून तो निघाला.

घरी चमेलीने विचारले, "काय बिघडलं ते सांगतलं?"

"अर्धं सांगाचं राहिलं."

"गावाले तोंडावर सांगता, अन् काकीले सांगाले जीभ काऊन अडते?"

"कसं सांगू? रोज ज्या चालू-बंदात जीव लावून राहिली, त्याच्यानंच गाडी मरून राहिली, असं?"

शुक्रवारी नवा सेन्सर बसला. पिवळा दिवा विझला. काकींनी समाधानाने मान हलवली. भैयालाल उगीच हात पुसत राहिला.

"काकी, रोज असंच कराल तर हाही जाईल. गाडी तापाले पाहिजे. चालवा, नाही तर चालूच नका करू."

"म्हणजे मीच बिघडवली?"

"तुमी नाही, थंडीनं. काका तिले फिरवत होते ना. नुसती उभी नव्हते ठेवत."

काकींनी चिंचेकडे पाहिले. "सकाळी तेवढाच एक आवाज होतो रे या घरात."

"आठ दिवसांत एक डाव गोंदियाले नेऊन आणा," भैयालाल म्हणाला. "मोठा आवाज येईल."

"कोण नेणार? तू?"

"मी कायले? काकांनी मले कधी स्टेअरिंगले हात लावू देल्ला नाही. म्हणत, तू बैलबंडी हाकतोस."

काकी हसल्या. मग त्यांनी उजवीकडचे दार उघडले, टॉवेल उचलून छातीशी धरला आणि आत बसल्या. पाय क्लचपर्यंत पोचेनात. भैयालालने वाकून सीटखालचा दांडा धरला आणि तसाच थांबला.

"सरकवू?"

काकींनी एकदा मागे वळून पाहिले, जणू तिथे बसलेल्या कोणाला विचारत होत्या.

"सरकव."

सीटखालच्या पट्टीतली माती करकरली आणि सीट पुढे आली. भैयालाल डावीकडे जाऊन बसला. फाटकातच गाडी दचकून बंद पडली.

"क्लच हळू सोडा, काकी! गाडी हाये, म्हैस नाही."

"तोंड आवर, नाहीतर उतर खाली."

त्याने तोंड आवरले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची शेते होती. गोंदिया दिसू लागले तोवर इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबला होता आणि काकी गिअर टाकताना हाताकडे पाहत नव्हत्या. गोंदियाच्या बाजारात गाडी थांबली तेव्हा भैयालालने उतरून मागे वाकून नळी पाहिली. ती कोरडी होती.

त्या संध्याकाळी काकींनी वहीत लिहिले : चहापत्ती संपली होती. गोंदियाहून पाव किलो आणली.