अर्धी गोष्ट फळ्यावर

चौकशीआत्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. निंदा म्हणून सांगत नाही. माझ्या तरी तोंडात कुठे भिजतो? फरक एवढाच, की मी ऐकीव सांगतो आणि ती पुराव्यानिशी सांगायची. उभा जन्म लाँड्रीच्या काउंटरवर गेलेला. कोणाच्या कोटाच्या खिशात सिनेमाची दोन तिकिटं निघाली आणि बायकोने तर तो सिनेमा पाहिलेलाच नाही, कोणाची पँट दर हिवाळ्यात कमरेला सैल करून मागितली जाते, हे सगळं तिला बसल्या जागी कळे. लग्न केलं नव्हतं. "दुसऱ्यांचीच इतकी बघितली, की हौस फिटली," म्हणायची.

मग ती महामारी आली. लोक घरात पायजम्यावर बसले. इस्त्रीला टाकणार काय? लाँड्री बंद पडली ती कायमची. आत्या भावाकडे येऊन राहिली आणि ऐकायला उरली एकटी भावजय.

"वन्सं," भावजय म्हणे, "माझं जाऊ द्या, पण भिंतींनाही कान आहेत. त्यांना जरा विसावा द्या."

आत्या हसायची, पण मला ठाऊक आहे, ते तिला लागायचं. रिकाम्या हातांनी भावाच्या घरचं जेवण तिच्या घशाखाली सुखाने उतरत नव्हतं.

इकडे शाळा उघडली. मुलं उंच होऊन परतली, पँटी आखूड झाल्या आणि अक्षरं घरीच राहिली. पाचवीतली मुलं पुस्तकाकडे अशी बघत, जणू माणूस ओळखीचा दिसतोय पण नाव काही आठवत नाही. मग सरकारने शाळांना अनुदान दिलं, बुडालेलं भरून काढायला. त्यातून पुस्तकं घ्यायची आणि शाळा सुटल्यावर मागे पडलेल्या मुलांबरोबर बसायला वस्तीतलाच एक 'वाचनसोबती' नेमायचा. अर्धे पैसे आधी. उरलेले अर्धे, साहेब येऊन मुलं वाचतात का ते बघून गेल्यावर. नाही वाचली, तर सोबतीला नारळ आणि वाचनाच्या खोलीला कुलूप.

पगार इतका किरकोळ, की अर्ज एकच आला. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, आत्याला समोर बसवलं.

"शिकवण्याचा अनुभव?"

"शून्य. पण माझं बोलणं अर्धवट टाकून अजून कोणी उठून गेलेलं नाही."

बाईंनी डोक्याला हात लावला आणि तिला ठेवून घेतलं. करणार काय!

सुरुवातीचे दिवस फुकट गेले. आत्या पुस्तक उघडायची, मुलं जांभया द्यायची. शेवटी तिने पुस्तक मिटलं आणि जे येत होतं ते सुरू केलं. बेकरीवाल्याची कवळी पिठात पडली. पाव भट्टीत गेले. गिऱ्हाईकं दारात. बेकरीवाला एकेक पाव फोडतोय आणि... इथे तिचा घसा बसला. आदल्या दिवसापासून बसायच्या बेतात होताच, नेमका तिथेच बसला.

"पुढे काय? आत्या, पुढे काय झालं?"

आत्या नुसती फुसफुसली. मग वैतागून उठली आणि राहिलेली गोष्ट खडूने फळ्यावर लिहिली. वर्ग फळ्यावर तुटून पडला. सगळ्यात आधी वाचलं कोणी, तर मान वर न करणाऱ्या एका मुलीने, जिला सगळे गोगलगाय म्हणत.

"क... व... ळी... तों... डा... तच... होती!"

घसा दोन दिवसांत सुटला. पण आत्या वस्ताद. त्यानंतर रोज गोष्ट ऐन गाठीवर आली, की ती तोंडाला कुलूप लावायची आणि खडू उचलायची. ज्याला पुढचं हवं त्याने वाचावं. सुरुवातीला फळ्यावर एक ओळ असे, मग अर्धा फळा, मग दोन्ही बाजू भरून.

"हा वाचनाचा वर्ग आहे की पाणवठा?" मोठ्या बाई कडाडल्या. "निदान नावं तरी घेऊ नका. आणि कोणाच्या जिव्हारी लागेल असं एक अक्षर नको."

आत्याने दोन्ही अटी पाळल्या. आणि बाई रोज त्याच वेळेला व्हरांड्यातल्या कुंड्या तपासायला येऊ लागल्या. आता कुंड्यांत असं काय होतं, मी विचारलं नाही.

तपासणीची तारीख आली आणि बाईंनी हाय खाल्ली. साहेबांपुढे बेकरीवाल्याची कवळी? छे! आठवडाभर आत्याला गप्प बसवून त्यांनी मुलांकडून पुस्तकातला सूर्यावरचा धडा घोटून घेतला.

साहेब आले. गंभीर माणूस. पहिल्या बाकावरच्याला म्हणाले, "वाच." तो सुटला धडाधडा. साहेबांनी हळूच पान उलटलं. मुलाचा सूर्य तळपतच राहिला. साहेबांनी पुस्तक मिटलं. सूर्य मावळेपर्यंत मुलगा थांबला नाही.

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "बाई, मला वाईट वाटतं. पण हे वाचन नव्हे."

मोठ्या बाईंचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. कोपऱ्यातून आत्या उठली.

"बाई, तोंड उघडू?"

"उघडा," बाई म्हणाल्या. "आता राहिलंय काय!"

"साहेब, मुलांना येतं. आठवडाभर आम्हीच त्यांना पढवून पोपट केलं." मग ती मुलांकडे वळली. "ऐका रे. आज सकाळी एक मोठे साहेब गाडीतून निघाले. वाटेत कुत्रं आडवं पडलेलं. साहेब दयाळू, हाकलायला स्वतः उतरले. दार राहिलं उघडं. आणि मग..."

तोंडाला कुलूप. हातात खडू.

साहेबांचे कान लाल झाले. फाटकाशी त्यांच्या ड्रायव्हरने आत्याकडून चहा घेतला होता. आत्याचा चहा कधी फुकट नसतो.

"कुत्रं आत शिरलं!" वर्ग गरजला. "साहेबांच्या जागेवर बसलं! उठेना! साहेब पुढे बसले! कुत्र्याने..."

"थांबा," साहेब म्हणाले. "एकेकाने." आणि त्यांनी बोट दाखवलं ते नेमकं गोगलगायीकडे.

आत्याने ओठ चावला. मुलगी उभी राहिली. "कुत्र्याने... मागच्या... सी... सी..." अडली. कोणी पुढचा शब्द सुचवला नाही. साहेबांचेच ओठ हलायला लागले होते. "...सीटवर साहेबांचा डबा खाल्ला."

"हेही पाठ असेल," साहेब पुटपुटले. उठले, आत्याच्या हातातला खडू घेतला आणि स्वतः एक ओळ लिहून बाजूला झाले.

गोगलगायीने आधी मनात वाचलं. ओठ हलताना आम्हाला... म्हणजे खिडकीशी उभे होते त्यांना दिसले. मग तिने पहिल्यांदाच मान वर केली.

"चूक. डबा मीच त्याला दिला." आणि त्याच दमात स्वतःच्या मनाचं, "म्हणजे साहेब उपाशी आहेत!"

साहेब असे हसले, की व्हरांड्यातल्या कुंड्या हलल्या. मग त्यांनी सगळ्यांकडून वाचून घेतलं, नव्या पुस्तकांतून कुठलंही पान काढून. अडखळत, दम घेत, पण वाचलं सगळ्यांनी. मोठ्या बाईंनी आपला डबा साहेबांपुढे ठेवला. मुलं खिडकीशी धावली. कुत्रं मागच्या सीटवर साहेबासारखंच ऐटीत बसलं होतं.

उरलेलं अर्धं अनुदान आलं. खोलीला दुसरा फळा आला. आत्याची नेमणूक पुढे चालू राहिली, पगारही थोडा वाढला. पहिल्या वाढीव पगारातून तिने भावजयीला चष्मा करून दिला. भावजय हल्ली संध्याकाळी दारात उभी असते.

"वन्सं, कालच्या त्या न्हाव्याचं पुढे काय झालं हो?"

"फळ्यावर आहे," आत्या म्हणते. "चष्मा लावा आणि या उद्या."

आणि गोगलगाय? परवा मला वाटेत गाठून मोठ्या बाई आणि कुंड्यांची एक गंमत सांगत होती. ऐन रंगात आली आणि गप्प. मी म्हटलं, "अगं, पुढे?" तिने खिशातून खडू काढला, खाली बसली आणि रस्त्यावरच लिहायला लागली.