काटा घेऊन येणाऱ्या नर्सबाई

आमच्या नर्सबाई मुलाचं वजन कधी मोठ्याने सांगत नसत. पडवीच्या वाशाला काटा टांगायचा, झोळीत मूल बसवायचं, आकडा कार्डावर टिपायचा आणि आईचं बोट धरून कार्डावरच्या रेषेवर ठेवायचं. वजन बोलून दाखवलं की मुलाला दृष्ट लागते, असं गावात सगळ्या बायका मानत. बाई मानत नव्हत्या. पण बायकांचं मन दुखावलं तर त्या मूल पुढे आणणार नाहीत, एवढं बाईंना कळत होतं.

ऐंशीच्या दशकात, चिपळूणच्या आतल्या डोंगराळ भागातल्या आमच्या गावात मी नुकतीच अंगणवाडी चालवायला लागले होते. बाई आठवड्यातून एकदा चालत येत. भागीआजींची नात छबी तेव्हा दीड वर्षाची होती. दोन महिने तिचं वजन उतरत होतं. बाप मुंबईत हॉटेलात कामाला, आई दिवसभर भाताच्या लावणीला. सकाळी पेज, रात्री पेज आणि मधल्या वेळेत हातात बिस्कीट. आजींचं म्हणणं, आमच्या घरातलं हाडच बारीक.

बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्या ठरलेला वार नसताना आल्या. घरचाच मऊ भात, त्यात शिजलेली मूगडाळ आणि चमचाभर तेल कालवून छबीला भरवत बसल्या. पोर थुंकायची, बाई थांबायच्या. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी भात कालवला आणि हात धुऊन स्वस्थ बसल्या. छबी रडायला लागली, तेव्हा म्हणाल्या, "आजी, हिचं औषध माझ्या पिशवीत नाही. दुपारी भरवणारं माणूस पाहिजे, आणि ते तुम्हीच आहात."

आजींनी वाटी ओढून घेतली. पहिल्या महिन्यात वजन हललं नाही. दुसऱ्या महिन्यात रेष वर चढली.

गणपतीला छबीचा बाप आला. पोट सुटलेलं, घाटी चढताना धाप लागलेली. आपल्या मुलाने अंग धरलं म्हणून आजी खुशीत होत्या. बाईंनी त्याचा रक्तदाब पाहिला, तो चढलेला निघाला, आणि त्याला हॉटेलातलं तळलेलं नि गोड चहा कमी करायला सांगितलं. तो हसला. बाई हसल्या नाहीत. आजींना म्हणाल्या, "चूल एकच आहे, पण एकीला वाढवायचंय आणि एकाला उतरवायचंय. तूप छबीच्या भातावर घाला, ह्याच्या नको."

वर्षाने घरी आलेल्या मुलाला हात आखडून वाढायचं, हे आजींना फार लागलं. महिनाभर त्या बाईंशी बोलल्या नाहीत. छबीला भरवणं मात्र चुकलं नाही. पुढच्या गणपतीला मुलगा सुटलेलं पोट निम्म्यावर आणून आला, तेव्हा आजींनी आपणहून बाईंना घरात बोलावून चहा दिला. बिनसाखरेचा. बाईंनी तो निमूट प्यायला.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. नव्या बाई रुजू होईपर्यंत काटा माझ्याकडे राहिला. लावणीच्या दिवसांत मी तो घेऊन बौद्धवाडीत गेले. भागीआजी त्या वाडीत आयुष्यात कधी बसल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र तिथल्या एका पडवीत बसून आजी त्या घरातल्या पोराला त्याच घरचा भात भरवत होत्या. मी थबकले. त्यांनी मान वर केली नाही.

"ह्याची आय लावणीला गेलीय," त्या म्हणाल्या. "तू पुढच्या घरी जा बाय, मी हाय हितं."