फोटोपुरते हातमोजे

"आता काढा आणि ट्रेमध्ये टाका. माझ्या हातात देऊ नका."

आमच्या विभागप्रमुख मॅडम असं म्हणाल्या तेव्हा सभागृहात टाळ्या चालूच होत्या. विद्यापीठाचा सुरक्षा सप्ताह होता. स्टेजवर भला मोठा फलक, 'सुरक्षा ही आपली संस्कृती'. त्याच्याखाली मला उभं केलं होतं. हातात रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगात पांढरा कोट. पाहुण्यांसोबत फोटो निघाला. मी पडद्यामागं आले आणि मॅडमनी ट्रे पुढं केला. मी हातमोजे टाकले. त्यांनी शिपायाला सांगितलं, "यावर आधी सॅनिटायझर मारा, मग कपाटात ठेवा. मुलांना लागतात."

म्हणजे धोका हातमोज्यांना होता. माझ्यापासून.

मी अमरावतीत, रसायनशास्त्र विभागात काचसामान धुते. कंत्राटी. मुलांचं प्रात्यक्षिक संपलं की बेसिनवर बीकरांचा ढीग, तळाशी उरलेलं ॲसिड. उघड्या हातांनी धुवायचं. बोटांची सालं निघतात. घरी भाजीत मीठ टाकतानाही झोंबतं. हातमोजे आणि चष्मे मॅडमच्या केबिनमध्ये, काचेच्या कपाटात, कुलूपबंद. तपासणीची समिती आली की दिसले पाहिजेत म्हणून.

मी एकदा मागितले होते. मॅडम हसून म्हणाल्या, "तुम्हा लोकांच्या हातांना सवय असते हो. आमच्यासारखे नाजूक थोडेच असतात?"

तुम्हा लोकांच्या. आम्ही बौद्ध. माझं आडनाव मॅडमना पहिल्या दिवसापासून पाठ आहे. नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही.

मग दिवाळीनंतर सुशीलाबाईच्या डोळ्यात ॲसिड उडालं. ती माझ्या शेजारच्या बेसिनवर असायची, तिवस्याहून बसनं यायची. ती किंचाळली. मी तिचं डोकं नळाखाली धरलं. समोरच्याच केबिनमध्ये कपाटभर चष्मे होते. मॅडम अकोल्याला कार्यशाळेत. विषय, कर्मचाऱ्यांची सुरक्षितता. किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

डोळा गेला. चौकशी झाली. निकाल मॅडमनीच आम्हाला ओळीनं उभं करून सांगितला. "तिनं चष्मा घातला नव्हता. नियम पाळायला नकोत?"

मला त्या क्षणी ते कपाट फोडावंसं वाटलं. फोडलं असतं तर चोर ठरले असते. आमच्या बाबतीत त्याला वेळ लागत नाही.

यंदा पुन्हा सप्ताह आला. तोच फलक, धूळ झटकून. पुन्हा मलाच बोलावणं. मी हातमोजे घातले. चष्मा लावला. फोटो काढू दिला. पडद्यामागं ट्रे तयारच होता.

"मी नाई काढत," मी म्हणाले.

"म्हणजे काय?"

"तुमाले पायजे असन तं तुमी काढा, मॅडम. हे घ्या माये हात."

मी दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले. शिपाई बघत होता. पोरं बघत होती. मॅडमनी ट्रे आणखी घट्ट धरला. त्यांचं एक बोटही माझ्याकडे आलं नाही.

"नीट वागा. कंत्राटावर आहात तुम्ही."

"सुशीलाबाई बी कंत्राटावरच होती."

मी तशीच विभागात गेले आणि धुवायला लागले. पहिल्यांदाच बोटं झोंबली नाहीत. त्याचाही मला रागच आला. इतकं सोपं होतं हे.

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला, उद्यापासून येऊ नको. तरी दुसऱ्या दिवशी मी गेले. बाकीच्या बाया माझ्या आधीच येऊन थांबल्या होत्या. कपाटाला कुलूप. आम्ही बेसिनसमोर हाताची घडी घालून उभ्या राहिलो. प्रात्यक्षिक खोळंबलं. मॅडम धावत आल्या. "काय पाहिजे तुम्हाला?"

"किल्ली."

ती अजून मिळालेली नाही. आम्ही अजून बीकरला हात लावलेला नाही. मला काढलंय, असू दे. माझ्या जागी जी येईल, तिला मी फाटकावर गाठणार आहे. हाताला धरून तिवस्याला नेणार आहे. आधी सुशीलाबाईचा डोळा बघ म्हणेन. मग ठरव, उघड्या हातांनी धुवायचं का.